आठवी बाटली अर्धी

बसा तिघंही. उद्यापासून तुमची रात्रपाळी, म्हणून सांगतो. लंबू अठरा वर्षं माझ्याबरोबर या इस्पितळात वॉर्डबॉय होता. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

त्या रात्री डॉक्टरांनी त्याला चिठ्ठी देऊन रक्तपेढीत पाठवलं. लाकडाच्या वखारीतला एक करवतवाला आणला होता, मांडी फाटलेली, रक्त थांबत नव्हतं. सर्जन घरून निघाले होते. रक्तपेढीतला बाबू म्हणाला, "आधी नातेवाइकाचं रक्त, मग पिशवी." फ्रिजच्या काचेतून ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या दिसत होत्या. अडीअडचणीला कुणालाही चालणाऱ्या. "त्या राखीव आहेत." कुणाच्या बापासाठी राखीव, ते सांगेना!

लंबू हात हलवत परत आला. मग काय, सलाईन. बाटलीमागून बाटली. मशीनवर प्रेशरचा आकडा चढला की डॉक्टर खूश. अरे, माणसाचं रक्त वाहून चाललंय आणि तुम्ही वरून पाणी ओतताय! शेवटी जखमेतून गुलाबी पाणीच येत होतं. ते गोठणार कसं? करवतवाला कुडकुडत होता. "पाणी नको हो... रक्त द्या." त्याची बायको दाराशी बाही वर करून उभी, माझं घ्या म्हणत. पण तिचं रक्त काढून घ्यायला रात्री माणूसच नव्हता.

आठवी बाटली अर्धी असताना तो गेला. त्या दोन पिशव्या पुढच्या आठवड्यात मुदत संपली म्हणून फेकून दिल्या. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बरोबर एक वर्षानं, बुधवारी, रात्री दोन चाळीसला, अपघातातली एक पोरगी आली. सोळाची असेल. तसाच रक्तस्राव. तेच डॉक्टर. "लंबू, स्टोअरमधून सलाईन आण. आठ बाटल्या."

लंबूनं स्टोअरचं कुलूप काढलं. दार उघडेना. आतून कुणीतरी धरलेलं... दाराखालून पाणी आलं. बर्फासारखं गार. चपलेत शिरलं.

आत कुणाचे तरी दात वाजत होते.

"कोण आहे?"

...

"पाणी नको हो..."

काय रे, हसतोस कशाला? डुलकी लागली असेल म्हणतोस? डुलकीत चपला भिजतात होय?

लंबू पळाला. वॉर्डाकडे नाही, रक्तपेढीकडे. बाबू घोरत होता. फ्रिजला कुलूप, आत पुन्हा दोन राखीव पिशव्या. लंबूनं स्टूल उचललं आणि काचेत घातलं.

बाबू दचकून उठला, "अरे, नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे."

पोरीला रक्त चढलं. सर्जन पोचले तेव्हा तिचा श्वास चालू होता. वाचली. लंबूची नोकरी मात्र गेली. काच फोडली म्हणून! आणि डॉक्टरांना बढती. यांना लाज कशी वाटत नाही?

सकाळी चौकशीवाले आले, तेव्हा स्टोअर मीच उघडलं. दार सहज उघडलं. फरशी कोरडी.

मांडणीवर आठ बाटल्या, वेगळ्या ओळीत लावलेल्या. सगळ्यांची सीलं शाबूत.

सात रिकाम्या.

आठवी अर्धी.