वाढत्या अंगाचं कव्हर

माणसाने दुसऱ्याच्या फाटकातून आत येताना निदान खाकरावं तरी! हा गृहस्थ सरळ आत आला, भुरभुर पावसात छत्री मिटून काखेत मारली, आणि माझ्या गाडीवरचं निळं प्लास्टिक उचलून आत डोकावला. मी खिडकीतून बघतेय. ओळख ना पाळख… असं कुणाच्या गाडीचं पांघरूण उचलतात का?

मी तरातरा बाहेर गेले. "काय हो, तुमचं काही सांडलंय का आत?"

तो वळला. पिकलेल्या मिशा, गळ्यात मोजायची टेप, आणि चूक स्वतःची असून आवाज वर. "कोणी बांधलं हे? गुदमरून मारणार आहात का हिला?"

"मी बांधलं. माझी गाडी, माझी दोरी. तुमच्या पोटात का दुखतंय?"

त्याने प्लास्टिकची आतली बाजू माझ्याकडे फिरवली. टपटप थेंब! वरून तर टिपूसही आत गेला नव्हता.

"घाम आहे हा," तो म्हणाला. "ओल्या जमिनीतून वाफ वर येते आणि इथेच कोंडते. पाऊस परवडला, पण हे नाही. आतल्या आत गंज धरेल."

बोलला खरं, पण बोलता बोलता गाडीच्या कडेवरून हात असा फिरवला, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावा. तिथेच माझा राग अर्धा उतरला. अर्धाच हं.

ती गाडी म्हणजे काय आहे ते तुम्हा आजच्या पोरांना कळायचं नाही. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, सायीच्या रंगाची. आमचे हे गेले तेव्हा माझ्या पदरात चार लेकरं होती आणि दारात ही. सगळे म्हणाले, विकून टाक. मी चालवायला शिकले. लग्नातल्या नवरा-नवरीला घेऊन मी ही गाडी गावभर फिरवली आणि त्यावर चारी पोरं मोठी केली. परवा थोरल्याने गॅरेजात आपलं ऑफिस थाटलं, म्हणून बिचारी या वयात उघड्यावर आली.

हा माणूस कोपऱ्यावरचा कव्हरवाला निघाला. ट्रकची, होड्यांची, यंत्रांची कव्हरं शिवणारा. दुसऱ्या दिवशी कापडाचे तुकडे घेऊन हजर. या वेळी फाटकाबाहेरूनच मोठ्याने खाकरला! सुनेला हसू आवरेना.

ओट्यावर बसून आम्ही कापड निवडायला लागलो. पहिलं जाडजूड, रबरासारखं. मी म्हटलं, "हे घ्या. याच्यातून पाण्याचा बाप जाणार नाही."

"पाण्याचा बाप नाही, आणि हवेची आईपण नाही. हात पुढे करा."

केला. काय करणार, गाडीचा प्रश्न होता. त्याने ते कापड ओठांसमोर धरलं आणि माझ्या तळहातावर फुंकर घातली. काही लागलं नाही. मग दुसरं धरलं, राखाडी, हलकं. त्यावर आधी पेल्यातलं पाणी ओतलं. पाणी मोत्यांसारखं घरंगळून खाली गेलं. मग फुंकर घातली… आणि ती आली. कोमट, हलकी, बरोबर तळहाताच्या मध्यावर.

मी हात लगेच मागे घेतला नाही. लगेच घ्यायला हवा होता.

"लागली?" त्याने विचारलं.

"काय?"

"हवा, ड्रायव्हरबाई."

"लागली असेल. मला काय ठाऊक!"

सून मागून म्हणाली, "आई, आज कपबशा नव्या काढल्यात वाटतं?"

"जुन्यांना तडा गेलाय."

"बघू बरं तडा."

"तू स्वयंपाकघरात बघ, काही उतू जातंय का ते!"

राखाडी कापड ठरलं. आतून मऊ सुती अस्तर, रंगाला ओरखडा नको म्हणून. मग मापं. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, मधे गाडी. त्याने उजवी बाजू मोजली आणि टेप गुंडाळायला लागला.

"झालं?" मी विचारलं. "आणि डावी?"

"तेच माप उलट करायचं."

"जन्मभर हेच केलंत का? डावा गाल जरा फुगीर आहे तिचा. एका नवरदेवाने ऐन वळणावर आनंदाच्या भरात माझा खांदा हलवला, गाडी खांबाला लागली. ठोकून नीट केला, पण पहिल्यासारखा नाही झाला."

त्याने खाली वाकून बघितलं. खरंच होतं. "आरशात बघितल्यासारखी सारखी माणसं तरी कुठे असतात," असं काहीतरी पुटपुटला आणि डावी बाजू वेगळी मोजली. मला बरं वाटलं. माझं ऐकणारा माणूस घरात एकही नाही.

"आणि हे बघा," मी म्हटलं, "चांगलं ऐसपैस शिवा. वाढत्या अंगाचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आता ही कुठे वाढायची?"

"मी चार पोरांना अंगाबरोबरचा कपडा कधी घेतला नाही. घट्ट कपडा फाटतो. मला शिकवू नका."

वाटलं होतं, वाद घालेल. पण तो मिशीत हसला. "बरं. तुम्ही म्हणाल तसं. नाहीतरी शेवटचंच काम आहे हे."

"म्हणजे?"

"लेक बोलावतेय तिच्याकडे. म्हणते, एकटे कशाला राहता. दुकान आवरायला घेतलंय."

मी म्हटलं, "बरं झालं. म्हातारपणी लेक विचारते, नशीब आहे." तोंडाने हे म्हटलं. टेपचं माझ्याकडचं टोक मात्र हातातून सोडलं नाही.

कव्हर आलं. दिसायला देखणं. पण वारा सुटला आणि फडफड, फडफड! झोळ नुसता पिसाळला. शेजारी दारात येऊन बघायला लागले. थोरला म्हणाला, "आई, हे कव्हर आहे की शीड?" मी कव्हर काढलं, गोळा करून काखेत मारलं आणि निघाले कोपऱ्यावर.

दुकानात फळ्या रिकाम्या. शिवणयंत्र चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं. तो स्टुलावर बसलेला, जणू कुणाची वाट बघत.

"हे शिवणं म्हणतात याला?" मी गठ्ठा टेबलावर आपटला. "वाऱ्याने घासून घासून माझ्या गाडीचा रंग गेला असता म्हणजे?"

"गेला का?"

खरं सांगायचं तर एक ओरखडा नव्हता. डोळ्यात तेल घालून बघितलं होतं.

"नाही जाणार," तो म्हणाला. "आत दुहेरी अस्तर लावलंय. मला माहीत होतं ते फडफडणार."

"माहीत होतं? मग तोंडाला काय झालं होतं सांगायला?"

तो सुतळीच्या गाठीशी चाळा करत राहिला. "सांगितलं असतं तर घट्ट शिवावं लागलं असतं. घट्ट शिवलं असतं तर… तक्रार उरली नसती. तुम्ही आला नसता." मग हळूच, "मला एकदा तरी तुम्ही आलेलं हवं होतं. जायच्या आधी."

बाहेर पाऊस वाढला होता. मी पदराने कपाळ पुसलं. घरी चार पोरं, त्यांच्या बायका, नातवंडं. कोण काय म्हणेल ते सगळं मला आधीच ऐकू येत होतं. आणि हा समोर बसलेला, डावी बाजू वेगळी मोजणारा. आज गप्प बसले तर उद्या या दुकानाला कुलूप.

मी दुसरं स्टूल ओढलं, त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं,

"तुमच्यासारखा लबाड शिंपी मी जन्मात पाहिला नाही. आता ऐका. लेकीकडे जा, पण पाहुणे म्हणून. तिला सांगा, राहायला येणार नाही. परत आलात की माझ्या घरी यायचं, पुढच्या दाराने, माझ्या पोरांसमोर. मला चोरून काही करायची सवय नाही. तुम्ही मला आवडता, कव्हरवाले. झालं? आता बघत काय बसलात, सोडा त्या यंत्राची सुतळी!"