बारावा दिवा

दुपारी अडीच ते साडेतीन बाळ झोपतं. त्या तासात मी टीव्हीवर नवऱ्याचा व्हिडिओ गेम खेळते.

खेळते म्हणजे काय, नुसती फिरते. तटबंदीतलं जुनं शहर, निरोप पोचवणारा एक जासूद आणि शहराखाली भुयारं. भुयाराच्या तोंडापर्यंत एकदा वरून चालत जायचं, तिथला दिवा लावायचा. मग पेटलेल्या कुठल्याही दोन दिव्यांमध्ये क्षणात ये-जा करता येते. तोंडं बारा. नवऱ्याने अकरा दिवे लावले होते. अपघातात तो गेला तेव्हा मला सातवा महिना होता.

बारावा मी लावला नव्हता. लावला की त्याचं अर्धवट राहिलेलं काहीच उरलं नसतं.

सासूबाईंना हे पटत नाही. "त्या डबड्यापुढे बसतेस, आणि पोरीचे गाल बघ, ओरखडेच ओरखडे! नखं काप ना गं. एवढी एम.एस्सी. झालीस, ती डिग्री काय चाटायचीय?"

"कापते, आई."

"महिनाभर कापतेयस."

नखं त्याच्या वाट्याची होती. बाळ पोटात असतानाच आम्ही कामं वाटून घेतली होती. "तुझा हात थरथरतो," तो म्हणाला होता, "नखं माझ्याकडे. ढेकर तुझ्याकडे." मी दोनदा नेलकटर हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. बाळाच्या हातांत मोजे घालते आणि नाडीची गाठ मारते.

भुयारातून जाताना पडदा काळा होतो, जासुदाच्या बुटांचा आवाज येतो. चार सेकंद. मला सगळ्याची नोंद ठेवायची खोड आहे. बाळाच्या दुधाच्या वेळा लिहिते त्याच वहीत हेही लिहू लागले. सोमवारी चार. मंगळवारी सात. बुधवारी एकोणीस, आणि बुटांमागे दुसरी पावलं. सपाता ओढत चालल्यासारखी. जासूद सपाता घालत नाही. माझा नवरा घालायचा. पाय उचलून चाल म्हणून मी किती ओरडले असेन त्याच्यावर.

गेम बिघडला असेल, हे मलाही कळतं. पण रात्रभर एकच डोक्यात होतं: अकराही दिवे त्याचे. इकडे यायला माझ्या बाजूला एकही नाही.

गुरुवारी सासूबाई डोळे तपासायला गेल्या. बाळ झोपलं. आतल्या खोलीतला आवाज ऐकवणारा बेबी मॉनिटर शेजारी ठेवून मी जासुदाला शहराच्या पार उत्तर टोकापर्यंत चालवत नेलं आणि बारावा दिवा लावला. नकाशावर भुयाराची रेघ उमटली. बटण दाबलं.

काळोख. बूट नाहीत. फक्त सपाता.

टीव्हीतला आवाज लांब लांब गेला, थांबला. मग मॉनिटरमधून आला.

मला उठता आलं नाही. खरं सांगायचं तर, उठायचं नव्हतं.

टक्.

मी मोजत होते. पाच वेळा.

मग सपाता पुन्हा टीव्हीत, आणि पडदा उजळला.

आतल्या खोलीत बाळ शांत झोपलेलं. उजव्या हाताचा मोजा उशाशी, घडी करून ठेवलेला. पाचही नखं गोल, गुळगुळीत. कुठे लाल ठिपकासुद्धा नाही. डाव्या हातावरची गाठ मी मारली होती तशीच.

घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा. बाळ उठायला अजून वीस मिनिटं.

मी डावी गाठ सोडली, मोजा घडी करून पहिल्यावर ठेवला, आणि दार लोटून पुन्हा बाहेर टीव्हीपुढे येऊन बसले.