सात नंबरचा फोन

साखर शोधायला मी एक दार उघडलं आणि आत तो होता.

संस्थेतला माझा पहिला दिवस. फायलींच्या कपाटांत अडकून बसलेला एक तरुण कानाला फोन लावून काहीतरी वाचत होता. माझ्याकडे न बघताच त्याने एक बोट वर केलं – थांबा. आणि मी, जी कुणाचं ऐकत नाही म्हणून घरात प्रसिद्ध, ती चहा निवेपर्यंत तिथे उभी राहिले!

"...आणि साहेब म्हणाले, तुमचा रंग काउंटरवर शोभत नाही, मागे पॅकिंगला बसा," तो हळूहळू वाचत होता. "हे तुमचेच शब्द ना? काही खोडायचंय? ...बरं, असंच ठेवतो."

फोन ठेवून तो म्हणाला, "साखर वरच्या फळीवर. मुंग्यांच्या भीतीने इथे ठेवतात."

"मी साखरेसाठीच आले, हे कसं कळलं?"

"माझ्यासाठी आजवर कुणी आलेलं नाही."

फोनवर वाचून दाखवायचं, हा संस्था चालवणाऱ्या आमच्या प्रोफेसरबाईंचा नियम. रंगावरून, बाईपणावरून नोकरीत डावललेल्या स्त्रियांच्या मुलाखती गोळा करायच्या, अहवाल लिहायचा, तो रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत लावून धरायचा आणि कायदे करणाऱ्यांची झोप उडवायची – चाळीस वर्षं त्या हेच करत आल्यात. "आयुष्य तिचं, तर शेवटचा शब्दही तिचाच," त्या म्हणायच्या. म्हणून छापण्याआधी प्रत्येकीला तिची मुलाखत वाचून दाखवायची. अहवालात नावं नाहीत, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, ते फक्त फोनवर वाचणाऱ्या त्या तरुणाला माहीत. सगळे त्याला 'वाचक' म्हणत. अहवाल लिहायचं काम माझं.

रोज दुपारी तो माझे कागद परत आणायचा, पेन्सिलीने दुरुस्त केलेले.

"तुमचं वाक्य सुंदर होतं... पण त्या असं बोलत नाहीत."

"म्हणजे खोडलंत!"

"तुमचं खोडताना हात थरथरतो हो."

त्या एका 'थरथरतो'वर माझी अख्खी दुपार निघाली. सगळं असं छान चाललं होतं आणि मध्येच ही सात नंबर उपटली.

सात नंबर वृत्तवाहिनीवर बातम्या वाचायची. रोज तिच्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ रंग थापून तिला कॅमेऱ्यासमोर बसवत. एके दिवशी तिने चेहरा धुतला आणि तशीच जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिला आतल्या खोलीत, मजकूर लिहायला. आमच्या अहवालाचा जीव होता त्या मुलाखतीत. बाकी सगळ्यांनी एका फोनमध्ये होकार दिला. सात नंबरला मात्र नऊ फोन झाले. नऊ! आणि प्रत्येक फोनला हा आत खो खो हसतोय, दार लावून!

"एवढं हसायला काय होतं?" मी विचारलं.

"मुलाखतीबद्दल बोलता येत नाही."

"अशा मुलाखतीत विनोद असतात?"

"सात नंबरच्या असतात," म्हणून तो पुन्हा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मत्सर वगैरे पुस्तकी शब्द राहू देत. मी जळत होते. न पाहिलेल्या बाईवर, तिच्या हुशारीवर, तिच्या धाडसावर... आणि तिच्या फोनवर. शेवटी तडक प्रोफेसरबाईंकडे गेले.

"शुक्रवारी छपाई आहे आणि सात नंबरचं घोंगडं अजून भिजतंय. तो फोन मला द्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कामासाठीच मागतेस ना?"

"अर्थात!" धडधडीत खोटं बोलले.

बाईंनी वाचकाकरवी सात नंबरची परवानगी घेतली. वाचकाने मला तिचा फोन नंबर दिला. त्याचा चेहरा उतरला होता. "हळू वाचा. 'चेहरा धुतला' म्हटलं की थोडं थांबा."

"मला वाचता येतं!" मी फणकारले.

फोन लावला. तिचा आवाज सुंदरच निघाला मेला. मी मागे कुणी लागल्यासारखी भराभरा वाचत सुटले. थांबणं वगैरे कुठलं! "हे तुमचेच शब्द ना?"

ती म्हणाली, "शब्द माझेच. पण तुम्ही ते माझ्या अंगावर फेकताय. खोडा... सगळं खोडा."

फोन बंद.

मी तशीच बसले. पाच महिने मी गप्प केलेल्या बायकांबद्दल लिहीत होते, आणि त्यातल्या एकीला आज मीच गप्प केलं होतं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचकाला तोंड कसं दाखवणार? पुन्हा नंबर फिरवला.

"माफी मागायला फोन केला. तुम्ही सगळं खोडलंत तरी तो तुमचा हक्क आहे. चूक माझी. मी... तुमच्यावर जळत होते."

"माझ्यावर? का?"

"तुम्ही त्याला हसवता."

पलीकडून असं खळखळून हसू आलं, की मलाही हसू फुटलं.

"अगं बाई! मी घाबरलेय हो. नोकरी जाईल म्हणून रोज एक ओळ बदलायची, दुसऱ्या दिवशी परत तीच ठेवायची. घाबरले की मी समोरच्याची फिरकी घेते. त्याची तर फार सोपी."

"कशी?"

"ते त्याचे शब्द. त्यालाच विचारा. आता वाचा... हळू."

मी वाचलं. 'चेहरा धुतला' म्हटलं आणि थांबले. ती रडत होती. मी थांबूनच राहिले.

"असंच ठेवा," ती शेवटी म्हणाली. "आणि सात काढा. माझं नाव टाका. रेडिओवर हे मीच वाचीन."

"नक्की? नोकरी–"

"चेहरा धुताना तरी कुणाला विचारलं होतं? मी नाव द्यायला तयार झाले बघा. तुम्ही?"

मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि फायलींच्या खोलीत गेले.

"सात नंबरचा होकार आला. नावासकट."

तो आनंदाने उभाच राहिला. "मग तुमचं तोंड का उतरलंय?"

"अजून एक मुलाखत आहे. वाचून दाखवा."

त्याने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "'तो फोन मी कामासाठी मागितला नव्हता. मी जळत होते. तो हसला, की वाटतं, माझ्यामुळे हसावा...'" त्याचे कान लाल झाले. पुढचं त्याने फार हळू वाचलं. "'चहात साखर घेणं मी कधीच सोडलं. तरी रोज साखरेसाठी या खोलीत येते.'"

पेन्सिल शोधण्यात त्याने उगाच वेळ काढला.

"हे... तुमचेच शब्द?"

"हो."

"काही खोडायचंय?"

"नाही."

मग त्याने खाली एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. वाचायची पाळी आता माझी होती.

"'सात नंबर रोज एकच विचारायची – सांगितलं का तिला? आणि मी रोज हसून वेळ मारून न्यायचो.'" मी मान वर केली. "हे तुमचेच शब्द?"

"माझेच."

"नाव टाकू?"

त्याने मान डोलावली. मी पेन्सिल बाजूला ठेवली, आणि पेनने आधी माझं, मग त्याचं नाव लिहिलं.