आतला हात

सासी लहान होता तेव्हा त्याने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. घप्... घप्... ओल्या मातीवर तळहात पडल्याचा. बाप चाकाशी बसलेला, आणि त्याचा डावा हात खांद्यापर्यंत रांजणात गेलेला. उजवा हात बाहेर दिसत होता, डावा नुसता ऐकू येत होता.

"बाबा, आत तर अंधार. मग हाताला कळतं कसं?"

बाप हसला. "हाताला डोळे कशाला हवेत? आपण कुठं आहोत ते त्याचं त्याला ठाऊक असतं."

जेरबा बेटावरच्या गेल्लाला गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथं घरटी एक कुंभार. सासीनेही सारा जन्म असाच हात आत घालून काढला. मग यंदा वसंतात, अंगणात चहा पिताना त्याच्या डाव्या हातातला पेला खाली पडून फुटला, आणि तो आपल्याच हातातून पडला हे त्याला कळलंच नाही. मेंदूतली शीर, असं डॉक्टर म्हणाले.

उन्हाळ्यापर्यंत पाय सावरला, बोटंही हलू लागली. पण हात परका झाला. बघितला तर आपला, नजर काढली की कुठं गेला ते कळेना. एकदा तो आपल्याच हातावर बसून हात शोधत होता.

"अहो, तुमच्याच बुडाखाली आहे तो," बायको मसऊदा म्हणाली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

व्यायाम शिकवणारी एमना दर मंगळवारी दुपारी शहरातून यायची. ती सासीला डोळे मिटायला लावायची, त्याचा डावा अंगठा चिमटीत धरायची आणि विचारायची, "काका, वर की खाली?"

"वर."

"खाली आहे. आता?"

"खाली."

"वर! काका, अंदाजपंचे नको. हाताला विचारून सांगा."

"हात बोलतच नाही पोरी. रुसलाय."

हसण्यावारी नेलं तरी त्यावर सगळं अडलं होतं. मसऊदाचा भाऊ जलूल याने सासीच्या कारखान्याला गिऱ्हाईक आणलं होतं. शहरातला एक हॉटेलवाला, त्याला कारखान्याच्या त्या जमिनीत अर्ध्या पुरलेल्या जुन्या खोलीत खाणावळ काढायची होती. सासीने ऑलिव्हची तोडणी लागेपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर हात परत आला तर चाक सासीचं, नाही तर खाणावळ. तोपर्यंत कारखान्याला कुलूप, आणि किल्ली जलूलच्या कमरेला.

"दाजी, तुमच्या भल्यासाठीच सांगतो," जलूल म्हणायचा. "तुमचा हात तुम्हाला सापडत नाही, तो मातीला काय सापडणार?"

"तुझी जीभ तेवढी तुला बरोबर सापडते," सासी म्हणायचा.

एका मंगळवारी एमनाने निराळी परीक्षा घेतली. डोळे मिटायचे, ती डावा हात ठेवेल तसाच उजवा हात करून दाखवायचा. तिने त्याचा डावा हात मांडीवर ठेवला. सासीचा उजवा हात सावकाश उचलला गेला. खांद्यातून पुढे झुकला, चार बोटं आत वळली, आणि तो हवेत वर-खाली फिरू लागला. काहीतरी गुळगुळीत करत असल्यासारखा.

"काका... हात मांडीवर आहे."

"नाही पोरी. रांजणात आहे. कोपरापर्यंत गार लागतंय मला."

एमना त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारा थट्टा करतोय, असं तिला वाटलं असावं. त्या दिवशी ती चहा न घेता गेली.

त्याच दिवशी सासीचे हात धुताना मसऊदाला त्याच्या डाव्या नखांत माती दिसली. ओली, खाऱ्या पाण्यात मळलेली, समुद्राचा वास येणारी.

"माझा डोळा लागला की तुम्ही कारखान्यात जाता. जलूल देतो ना किल्ली?"

"अगं, मला दाराबाहेरची पायरी एकट्याला उतरवत नाही..."

 दुपारचं झोपणं तिने सोडलं. डाळ निवडायला घेऊन ती दारातच बसू लागली. सासी तिच्या डोळ्यांसमोर खाटेवर पडलेला असायचा. तरी संध्याकाळी नखांत माती. तेव्हापासून, लग्न झाल्या दिवसापासून त्याच्यासोबत एका परातीत जेवणारी ती बाई स्वतःचं वेगळं वाढून घेऊ लागली.

सासीला ते लागलं. पण त्याच्या मनात दुसरंच घर करून बसलं होतं. जलूल चोरून माझं चाक चालवतोय. माझ्या नावाचे रांजण हॉटेलवाल्याला दाखवतोय. आणि माझ्या हाताला त्याची खबर लागतेय.

पुढच्या मंगळवारी एमनाच्या देखतच त्याने जलूलला बोलावून घेतलं.

"कारखाना उघड."

"आत्ता? या उन्हात?"

"उन्हात चोर लपत नाही. उघड."

बाहेर वाळवंटाचा गरम वारा सुटला होता. एमनाने सासीचा डावा हात धरून त्याला पायऱ्या उतरवल्या. मसऊदा दाराशीच थांबली. जलूलने कुलूप झटकलं तेव्हा त्यातून वाळू गळाली. दार उघडलं, आणि आतून गार, ओल्या मातीचा वास अंगावर आला. महिनोन्‌महिने बंद खोलीत तो वास असायला नको होता.

चाकावर कमरेएवढा रांजण उभा होता. ओलागच्च.

"जलूल... हे काय?"

"आईशप्पथ, दाजी... मला साधी वाटी जमत नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"मग आत बोटं कुणाची उमटलीत? घाल हात. खुणा ज्याच्या त्यालाच बसतात, दुसऱ्याची बोटं अडखळतात. घाल. खोटा नसशील तर घाल."

जलूलने बाही वर सारली. चिडूनच त्याने डावा हात आत घातला, पार खांद्यापर्यंत.

"बसतात का?"

"नाही... थांबा. बसतात, दाजी. अगदी... पण ही माती कोमट आहे..."



तेवढ्यात सासीच्या डाव्या खांद्यावरून काहीतरी जड खाली उतरलं. दंडात, कोपरात, मनगटात. एकेक सांधा दुखत दुखत जागा झाला.

"एमना, तू माझा अंगठा दाबतेस."

ती दचकली. "डोळे मिटा, काका. वर की खाली?"

"खाली."

"आता?"

"वर. आता आणखी वर... आता खाली आणलास. आता मनगट वळवलंस."

"बरोबर! काका, सगळं बरोबर!"

दारातून मसऊदाचा हुंदका ऐकू आला. सासी मिटल्या डोळ्यांनीच हसत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. "ऐकलंस का मेव्हण्या? सांग तुझ्या हॉटेलवाल्याला..."

 त्याने डोळे उघडले.

जलूलने हात बाहेर काढला होता. तो ओला हात त्याच्या कुशीला लोंबत होता, आणि जलूलचा उजवा हात खांद्यापासून खाली चाचपडत त्याला शोधत होता. अंधारात काडेपेटी शोधावी तसा. ते चाचपडणं सासीला चांगलं ओळखीचं होतं.

"जलूल... तुझा हात..."

जलूलने रांजणाकडे पाहिलं. मग सासीकडे. सासीला वाटलं, आता हा शिवी देईल, निदान ओरडेल तरी. तो वळला. बाहेर पडताना त्याचं डावं कोपर चौकटीच्या दगडावर असं आपटलं की मसऊदाने स्वतःचंच कोपर धरलं. जलूलने मात्र मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

पायऱ्या चढून तो वाऱ्यात शिरला. त्याचा डावा हात मागे हवेत राहिला होता, चार बोटं आत वळलेली, सावकाश वर-खाली फिरणारा. तसाच तो हात घेऊन तो चालत गेला.