सातव्या पानाचं दार

डॉ. शर्वाणी बोडस सूक्ष्मदर्शकापासून उठल्या आणि दुपारच्या फेरीला निघाल्या, तर प्रयोगशाळेला दार उरलं नव्हतं. सकाळी जिथून त्या ताठ मानेने आत आल्या होत्या, तिथे आता वीतभर रुंदीची फट होती. फटीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. बाईंनी डोकं घालून पाहिलं. ते कसंबसं गेलं, पण खांदे अडकले.

"जनुभाऊ!" त्यांनी हाक मारली.

मंगळावरच्या एका दरीच्या कड्याला चिकटलेलं हे स्थानक कोणी बांधलं नव्हतं, ते रुजवलं होतं. मधोमध पोकळ खोड, म्हणजे दोनशे पावलं लांब आणि सहा पावलं रुंद बोगदा. त्याला फुटलेली सात पानं म्हणजे दरीवर लोंबणाऱ्या सात खोल्या. पानांच्या बाहेरच्या थरातल्या पेशी उन्हात प्राणवायू बनवत आणि तो खोडातून सगळीकडे खेळे. सात खोल्या आणि सातच माणसं. हा सगळा आराखडा बोडसबाईंचा होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. तरी स्वतः त्या एका जागी अर्धा तास बसतील तर शपथ. पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या दिवसातून चार वेळा खोडाची लांबी मोजून यायच्या.

जनार्दन मयेकर समोरच्या स्वयंपाकखोलीतून धावत आले. ते स्थानकाचे बागकामतज्ज्ञ, आणि जेवणही तेच रांधत. घराणं देवगडकडचं, आंबेवाल्यांचं. त्यांनी पिवळ्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे पान पिकलंय. गळायच्या आधी देठाशी असाच रंग येतो."

"काहीतरीच काय! पान म्हातारं झालं की झाड ते पाडतं. ही खोली जेमतेम चार वर्षांची आहे."

मयेकरांनी फटीतून आतल्या कपाटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रागावणार नाही ना? तुमच्या त्या उबदार कपाटात मी आंब्याची अढी घातलीय. आपल्या कलमाचे पहिले अकरा आंबे. अक्षय्यतृतीयेला सगळ्यांना चकित करायचं होतं."

बाईंनी कपाट उघडलं. वाळल्या पाल्यात पिवळेधमक आंबे होते. घमघमाट असा सुटला, की एवढ्या भीतीतही त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

"पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं," त्या फटीशी येऊन म्हणाल्या. "बंद खोलीत सहा दिवस! झाडाला वाटलं, पानच म्हातारं झालं. आता ते देठापाशी बुचाची ऊती उभी करून वाट बंद करतंय."

"करवत आणतो. कापून काढू बूच."

"अजिबात नको! जखम झाली की झाड स्वतःच तो वायू सोडतं. मग पान जास्तच लवकर गळेल." बाईंचा आवाज चढला. "तुमच्या बोटाला चाकू लागला तर रक्तातल्या पेशी तिकडे धावतात, जखम भरून काढतात. झाडाच्या पेशीभोवती भिंत असते. ती जन्मते तिथेच राहते, तिथेच मरते. मदतीला कोणी जाऊच शकत नाही. म्हणून झाड जखम भरत बसत नाही. तेवढा भाग बंद करतं आणि सोडून देतं."

"बंद करतं ना? मग खोली खाली पडली तरी हवा आतच राहील."

"बूच खोडाच्या बाजूला बसतं, जनुभाऊ. झाड आपला व्रण बुजवतं. पानाचा व्रण कोण बुजवणार? माझी खोली उघड्या तोंडाने दरीत जाणार."

अंतराळपोशाख खोडात होता, पण त्याचं शिरस्त्राण फटीतून जाईना. बुचाचा वेग पाहून बाईंनी हिशेब केला. हातात सहा तास होते.

"बा देवा म्हाराजा!" मयेकर कपाळ चोळत म्हणाले, "आमच्याकडे कैऱ्या गळायला लागल्या की बाबा वाढीचं संजीवक फवारायचे. थांबायची गळ."

"बरोबर आहे. पान जिवंत आहे, वाढतंय, ही खबर देठापर्यंत पोचत राहिली की झाड पान सोडत नाही. संजीवक म्हणजे तीच खबर. पण इथे कुठे..." बाई बोलता बोलता थांबल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. "आहे. हे संजीवक पहिल्यांदा शुद्ध रूपात हाती आलं, ते माणसाच्या लघवीतून."

मयेकर आधी हसले, मग गंभीर झाले. "मी पाठ करून बसतो," ते म्हणाले.

संजीवक पानाच्या टोकाकडून देठाकडेच वाहतं, उलटं नाही. त्यामुळे खोलीच्या पार टोकाला, जिथे पानाच्या शिरा मोरीत उघडतात, तिथेच ते ओतावं लागणार होतं. एकट्या माणसाचं पुरणारं नव्हतं. बातमी पसरली आणि बाकीचे पाचही जण आले. कोणी नाक मुरडलं नाही. स्थानकप्रमुख गोविलकर एरवी कडक इस्त्रीचे, पण त्यांनीही निमूटपणे आपली बाटली फटीतून आत सरकवली. सगळे बाईंच्या दाराशी ठिय्या देऊन बसले. चहा झाला, थट्टाही झाली. तीन तासांनी कडांचा पिवळेपणा ओसरला. बूच थांबलं तेव्हा हाताचा पंजा जाईल एवढी फट उरली होती.

बाई भिंतीला टेकून हमसून रडल्या.

"आता फट पुन्हा मोठी होईल ना?" गोविलकरांनी विचारलं.

"नाही. बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. त्या मागे फिरत नाहीत. आणि कापलं की पुन्हा जखम. पुढचं यान मदत घेऊन येईपर्यंत मी आत."

यानाला एकोणीस महिने होते. ज्या बाईंना अर्धा तास बसवत नव्हतं, त्यांना एकोणीस महिने! मयेकर म्हणाले, "जेवण फटीतून येईल. आणि आळीपाळीने गप्पांना बसू. एकटं नाही सोडणार तुम्हाला."

त्या मायेने बाईंना पुन्हा भरून आलं. मग सवयीने त्यांनी मनातल्या मनात आकडे मांडले. सात जणांचं संजीवक एकाच पानात ओतलं होतं. पानाला हवं त्याहून ते कितीतरी जास्त होतं. उरलेलं गेलं कुठे? ते एकाच दिशेला वाहू शकत होतं. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"तुमची दारं बघा! आधी दारं बघून या!"

"काय झालं?"

"पानाकडून आलेलं संजीवक पान टिकवतं. तेच खोडाकडून आलं तर उलटा परिणाम होतो, पान गळतं. पंधरा वर्षं मी हे शिकवलंय! भीतीपायी विसरले हो मी."

सगळे पळाले. मयेकर परत आले ते हळूहळू चालत. सहाही दारांना पिवळी कड आली होती. माणूस आडवा होऊन जेमतेम घुसेल एवढीच जागा होती.

"सहा पानं गळली तर हवा संपेल," गोविलकर म्हणाले. "सगळ्यांचीच. उपाय?"

तो बाईंच्या जिभेवर होता, पण उच्चारवत नव्हता. "प्रत्येकाने आपापल्या पानात जायचं आणि टोकाला संजीवक द्यायचं. दर दोन-तीन तासांनी, रोज. एका माणसाचं एका पानाला कसंबसं पुरेल, खोडात उतरणार नाही. पण परिणाम व्हायला तीन तास लागतात. तोवर तुमची दारंही माझ्या दाराएवढीच झालेली असतील."

कोणी बाईंना दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. गोविलकरांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, बाईंचा फटीतून, आणि पहिले ते गेले. मयेकर शेवटी राहिले. त्यांनी श्वास सोडून पोट आत घेतलं आणि ते आपल्या स्वयंपाकखोलीत घुसले.

तीन तासांनी खोडात चिटपाखरू नव्हतं. दोनशे पावलांचा बोगदा रिकामा पडला होता. सात भिंतींआड सात माणसं होती, प्रत्येक भिंतीला एक छोटं भोक होतं, आणि जागचं कोणी हलणार नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी झाडाच्या पेशींचा असाच छेद हजारदा पाहिला होता.

समोरच्या फटीतून मयेकरांचा आवाज आला. "बाई, आंबे आजच संपवा हां. नाहीतर पुन्हा पिवळं पडेल."

"दहा खाल्ले. कोयी, साली डब्यात घट्ट बंद केल्या. अकरावा तुमचा. कलम तुमचं, चव तुम्ही बघायला नको?"

"टाका मग इकडे. सहा पावलं तर आहेत."

बाईंनी कोपरापर्यंत हात बाहेर काढून आंबा घरंगळत सोडला. तो चार पावलं गेला, कशाला तरी अडला, अर्धा वळला आणि थांबला. मयेकरांनी खांद्यापर्यंत हात बाहेर काढला. इकडून बाईंनीही काढला. दोघांचीही बोटं पोचली नाहीत.

आंब्याचा वास खोडात पसरू लागला होता.