सहाशे मीटरवरचं पाणी

वीज गेली तर जाऊ दे, येईल तेव्हा येईल. कॉफी आहे ना प्रत्येकाच्या हातात? मग बसा गप्प. सकाळी त्या पितळी वजनावरून फार खिदळत होतात. एवढी यंत्रं असताना हे आजोबांच्या काळातलं अवजार कशाला, म्हणे! सांगतो त्याची गोष्ट.

माझा शेजारी होता, आर्नफिन. या सागर संशोधन केंद्राच्या लाँचवर तुमच्यासारख्या पोरांना तपासणीसाठी खोलवरचं पाणी काढायला तोच शिकवायचा. तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, तेही न पिता.

दोन हजार तेराचा ऑक्टोबर संपता संपता त्याच्या लाँचवरून हालवार नावाचा विद्यार्थी फियॉर्डच्या खोल खाडीत मधोमध पाण्यात पडला. दोघंच होते. बर्फ भुरभुरत होतं, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मदत येईपर्यंत तासभर तिथंच शोधत होतो, असं आर्नफिननं सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. दहाच मिनिटांत त्याची हबेलहंडी उडाली आणि तो लाँच घेऊन खडकाच्या आडोशाला पळाला.

पोरगा सापडला नाही. त्याची आई ओलाउग पलीकडच्या काठावरची. रोज आर्नफिनच्या दारात यायची. रडायची नाही. एवढंच विचारायची, "तू तिथून निघालास तेव्हा तो गेला होता ना रे?"

"तास उलटला होता, ओलाउग. त्या पाण्यात कोण टिकणार?"

मान हलवून ती जायची. दुसऱ्या दिवशी परत हजर. आर्नफिनला अन्न गोड लागेना.

मग आला एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. महिन्याचं पाणी काढायचा दिवस. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे कोणी मेलं तरी त्या नोंदीत खंड पडत नाही. पण त्या जागी यायला कोणी तयार होईना. आर्नफिनसाहेबांचं डोकं फिरलं, सगळ्यांना शिव्या घातल्या आणि निघाले एकटेच. पोचले तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. काळोख तर चारलाच पडलेला. वारा नव्हता. पाणी अगदी गप्प.

पाण्यात सोडलेल्या तारेला तीन बाटल्या. दोनशे, चारशे आणि सहाशे मीटरला. त्यानं वरून तारेवर ते पितळी वजन सोडलं. ते पहिल्या बाटलीवर आपटतं, बाटली उलटून मिटते आणि खालच्या बाटलीसाठी दुसरं वजन सोडते. दिसत काहीच नाही. तारेवर बोट ठेवून ठोके मोजायचे. तीन ठोके झाले की काम झालं.

एक...

दोन...

तीन.

त्यानं तार ओढायच्या यंत्राकडे एक हात नेला. दुसऱ्या हाताचं बोट तारेवरच होतं.

चार.

मासा धडकला असेल, तो स्वतःशीच म्हणाला. धडकतो कधीकधी...

पाच.

सहा...

खालून येत होते. सावकाश. सारख्या अंतरानं.

बोट काढावंसं वाटत होतं. निघेना.

सात...

"हालवार," तो म्हणाला, "दहाच मिनिटं थांबलो रे मी. दहाच मिनिटं."

ठोके थांबले.

...

मग त्यानं तार वर घेतली. बाटलीला थर्मामीटर असतो. बाटली उलटते त्या क्षणी, त्या खोलीवरचा आकडा त्यात अडकून राहतो. आर्नफिननं बॅटरीच्या उजेडात तिन्ही आकडे वाचले. तिसरा परत वाचला. दिसेल तेच लिहायचं, हे त्यानंच पोरांना शिकवलेलं. त्यानं नोंदवहीत लिहिलं.

त्याच रात्री तो ओलाउगकडे गेला. दहा मिनिटांचं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे तू निघालास तेव्हा तो जिवंत होता?"

त्यानं वही उघडून तिच्यापुढे धरली. तिनं वाचली, मिटून त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. ती परत कधी त्याच्या दारात आली नाही.

थर्मामीटर तीनदा तपासून घेतला. बिघाड नाही. वही वरच्या कपाटात आहे, सकाळी बघा. दोनशे मीटर, आठ पूर्णांक एक अंश सेल्सियस. चारशे मीटर, सात पूर्णांक सहा. सहाशे मीटर, जिवंत माणसाच्या अंगाइतकं, छत्तीस पूर्णांक आठ.