गॅलरीतला पांढरा माणूस

तो तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. दुपारची वेळ, वाचनालयात पंख्याचा तेवढा आवाज. सहज मान वर केली, तर समोरच्या गॅलरीत कठड्याशी एक माणूस उभा... डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. आणि तो थेट तिच्याकडे पाहत होता. तिनं शिक्का खाली ठेवून पुन्हा पाहिलं – कठडा रिकामा.

आता, ती गॅलरी कित्येक वर्षं बंद होती. जिन्याला कुलूप. तिनं शिपाईकाकांना सांगितलं, तर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "चष्मा होता का त्याला?" चष्मा असला तर ते जुने ग्रंथपाल, वारले तरी पुस्तकांत जीव अडकलाय म्हणे त्यांचा. चष्मा नव्हता. मग काकाही विचारात पडले.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली. पेपर वाचायला येणारे आजोबा गॅलरीकडे पाठ करून बसू लागले. साहेबांनी तिला चार दिवस रजा घ्यायला सुचवलं. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. पण डोक्यात भलताच प्रश्न घोळत होता. एखाद्या भुतानं टक लावून पाहावं, असं आपल्यात आहे तरी काय?

तो परत दिसला, तेव्हा तिनं काकांकडून किल्ली मागून घेतली आणि जिना चढली. वर धुळीचे थर, आणि कुठून तरी आवाज... टक्... टक्. एका स्टुलावर तो पाठमोरा उभा होता. बोटांनी छत ठोकत होता आणि कान लावून ऐकत होता.

"आतून कुणी ओ देतंय का?" तिनं विचारलं.

तो असा दचकला की स्टूलच डगमगलं. तिनं ते धावत जाऊन धरलं.

भूतबित कुणी नव्हतं. नक्षीच्या गिलाव्याचा कारागीर होता तो. इमारतीचं छत तपासायला त्याला पाठवलं होतं, आणि वाचनालयाला कळवायचं मात्र सगळे विसरले होते. मागच्या लोखंडी शिडीनं तो यायचा, चुन्यात माखायचा, तसाच परत जायचा.

"मग माझ्याकडे काय पाहत होता?"

"छताकडे पाहत होतो. तुमच्या टेबलावरचा गिलावा पोकळ वाजतोय. तो पडला तर कुणाच्या डोक्यावर येईल, ते पाहिलं..."

तिचा चेहरा नकळत उतरला.

"म्हणजे – पहिल्या दिवशी," तो घाईघाईनं म्हणाला.

"आणि आज?"

त्यानं पुन्हा छत ठोकायला घेतलं. चुन्याखालून कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झालेल्या दिसल्या.

साहेब म्हणाले, तिचं टेबल हलवायचं तर वरून मंजुरी लागेल. तिनं काकांना हाताशी धरलं, टेबल खिडकीपाशी ओढत नेलं आणि मोकळ्या जागेभोवती दोरी बांधली. तिथून गॅलरी दिसत नाही, हे मात्र नंतर लक्षात आलं. मग काय, रोज चहाचं निमित्त काढून वर जाणं आलंच. त्यानं तिला छताचं बोलणं ऐकायला शिकवलं: घट्ट गिलावा कसा वाजतो, सुटत आलेला कसा. ती त्याला खालच्या वाचकांचे किस्से सांगायची. एकदा तो म्हणाला, तुम्ही पानाकडे बघून हसायचात तेव्हा वरून ते पान वाचता यायचं नाही, फार चुटपुट लागायची.

आणि एके दुपारी आजोबांची काठी घरंगळत दोरीपलीकडे गेली. ती उचलायला म्हणून ती वाकली... तोच डोक्यावर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. हा आवाज ती ओळखत होती. तिनं मागे उडी घेतली. भलामोठा तुकडा तिच्या पुढ्यात कोसळला, आणि सगळीकडे धूळच धूळ.

त्या धुळीतून तो पांढरा माणूस जिना उतरत धावत आला – भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आजोबा बाकावर चढले. कारागिराचं ठाऊक असूनही काकांनी हात जोडले. त्याचं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

"तुला लागलं नाही ना?"

तिनं मान हलवली.

धूळ बसेपर्यंत दोघं बाहेर पायऱ्यांवर बसून राहिली. आता तीही पांढरी झाली होती. खाली मान घालून तो म्हणाला, काम तर कधीच संपलं होतं. अहवालही देऊन झालाय. रोज उगाच ठोकत बसायचो.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "गेला आठवडाभर एकाच जागी ठोकणं चाललं होतं."

तो ओशाळला. मग चाचरत म्हणाला, "मघाशी सगळ्यांसमोर मी अगंतुगं केलं... तुम्ही मला माफ करा."

"नाही करणार," ती म्हणाली. "पुन्हा 'तुम्ही' म्हणालास तर."

तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि त्याचं कपाळ पुसायला घेतलं... हळूहळू, कडेकडेनं. त्या चुन्याखाली चेहरा आहे तरी कसा, हे तिला अजून नीट ठाऊकच नव्हतं.